'सिल्व्हर ओक' खरंच ओक आहे का? मुंबईकरांना खरा ओक भेटतो तो बॉलमध्ये आणि बाळगुटीत

महाराष्ट्राच्या राजकारणात जरा काही हालचाल झाली की टीव्हीच्या पडद्यावर एक नाव हमखास झळकतं, ते म्हणजे 'सिल्व्हर ओक'. शरद पवार यांच्या दक्षिण मुंबईतल्या निवासस्थानाचं हे नाव. 'सिल्व्हर ओकवर बैठक', 'सिल्व्हर ओकवर खलबतं' अशा बातम्यांमुळे ते इतकं ओळखीचं झालंय की मुळात हे एका झाडाचं नाव आहे, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

ज्यांच्या लक्षात येतं, त्यांची पुढे एक गडबड होते. नावात ओक आहे म्हणजे झाड ओकचंच असणार, असं ते धरून चालतात. पण सिल्व्हर ओक हा ओक नाही. ओकचा लांबचा नातेवाईक म्हणावा, इतकंही त्याचं ओकशी जवळचं नातं नाही. (ओक आडनावाचा तर या झाडाशी काहीच संबंध नाही, हे गिरगावातल्या वाचकांसाठी आधीच सांगितलेलं बरं.)

मग खरा ओक कसा असतो? तो मुंबईत कुठे दिसतो का? झाडाच्या रूपात नाही. पण त्याचे तुकडे शिवाजी पार्कच्या मैदानात रोज उडत असतात आणि लालबाग-परळमधल्या कित्येक घरांत ते सहाणेवर उगाळले जातात.

सिल्व्हर ओक मग आहे तरी कोण?

या झाडाचं शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. मूळ देश ऑस्ट्रेलिया. तिथल्या पूर्व किनाऱ्याजवळ, म्हणजे क्वीन्सलँडचा दक्षिण भाग आणि न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग, इथे ते नैसर्गिकरीत्या वाढतं. ॲलन कनिंगहॅम या वनस्पती-संग्राहकाने दिलेलं नाव वापरून रॉबर्ट ब्राउन यांनी १८३० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. ब्राउन हे नाव ओळखीचं वाटत असेल, तर बरोबर आहे. फिजिक्सच्या पुस्तकातली 'ब्राउनियन गती' यांचीच.

झाड सरळसोट वाढतं आणि ३० मीटरच्या पुढेही जातं. पान नेच्यासारखं, खोल कातरलेलं. वरून गडद हिरवं आणि खालून रेशमी लव असलेलं रुपेरी. वारा आला की पानं उलटतात आणि सगळं झाड चमकतं. नावातलं 'सिल्व्हर' इथून आलं.

फुलं बघायला मिळाली तर थांबून बघावीत अशी असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्यांवर केशरी-पिवळे तुरे येतात. तुऱ्यातली सगळी फुलं वरच्या बाजूला वळलेली असतात, त्यामुळे तुरा टूथब्रशसारखा दिसतो. या फुलांना पाकळ्या आणि निदलं अशी वेगळी मंडळं नसतात, चारच भाग असतात. फूल उमलण्याआधीच परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर चिकटवले जातात आणि फूल उघडताच ते टोक वळलेल्या तारेसारखं बाहेर येतं. मध प्यायला आलेल्या पक्ष्याच्या डोक्याला पराग लागतात. काही काळाने तेच टोक दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होतं. म्हणजे आधी देणारा काउंटर, मग घेणारा काउंटर, आणि दोन्ही एकाच खिडकीवर.

फळ असतं जेमतेम दोन सेंटिमीटरचं, होडीच्या आकाराचं. वाळलं की एका बाजूने फुटतं आणि आतून पातळ पंख असलेल्या एक-दोन बिया वाऱ्यावर निघून जातात.

झाड सदाहरित समजलं जातं, पण फुलण्याच्या आधी काही दिवस ते बरीच पानं टाकतं.

महाराष्ट्रात हे झाड बघायचं तर पाचगणीला. मुंबईच्या शाळांच्या सहली तिथे वर्षानुवर्षं जात आल्या आहेत, त्यामुळे अनेकांनी नाव माहीत नसतानाही ते पाहिलेलं असतं. जॉन चेसन या इंग्रजाकडे १८६० च्या दशकात पाचगणी वसवण्याचं काम आलं, तेव्हा त्याने बाहेरून आणलेली अनेक झाडं तिथे लावली. त्यात सिल्व्हर ओक होता. तो तिथे असा रुळला की आज पाचगणीच्या फोटोत तो नसेल तर फोटो अपुरा वाटतो. दक्षिणेत चहा-कॉफीच्या मळ्यांतही सावलीसाठी आणि मिरीचे वेल चढवण्यासाठी त्याची प्रचंड लागवड आहे. कोडगूमधल्या कॉफीच्या मळ्यांत त्याने मूळच्या देशी सावलीवृक्षांची जागा घेतली, ही पर्यावरण अभ्यासकांची जुनी तक्रार. त्यामागे एक व्यवहारी कारण आहे. कर्नाटकात देशी झाड तोडायला परवानग्यांचे सोपस्कार करावे लागतात, सिल्व्हर ओकला त्यातून सूट आहे. साहजिकच मळेवाला लावतो ते तोडता येईल असं झाड.

मग 'ओक' नाव पडलं कसं?

लाकडामुळे. खऱ्या ओकचं लाकूड विशिष्ट पद्धतीने चिरलं की त्यावर रुंद, चमकदार रेघा दिसतात. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या या पट्ट्या असतात. ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या इंग्रजांना या नव्या झाडाच्या लाकडातही तशाच रेघा दिसल्या आणि त्यांनी गावाकडचं ओळखीचं नाव चिकटवून टाकलं. तिथे त्याला 'सिल्की ओक' म्हणतात. लाकूड देखणं असलं तरी रंधा मारताना काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते, हे सुतारांना ठाऊक असलेलं बरं.

वनस्पतिशास्त्र मात्र नातं लाकडाच्या रेघांवरून ठरवत नाही. सिल्व्हर ओक प्रोटिएसी कुळातला. मॅकाडेमिया हा महागडा सुकामेवा याच कुळातला. एक पायरी वर गेलं तर प्रोटिएलीस या गणात त्याच्या सोबत काश्मीरचा चिनार येतो आणि चक्क कमळही येतं. सिल्व्हर ओक आणि कमळ एकाच गणातले! राजकीय वार्ताहरांनी यातून बातमी काढू नये, ही वर्गवारी डीएनएवरून ठरलेली आहे.

गंमत म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारं सुरूचं झाड ओकला यापेक्षा कितीतरी जवळचं आहे. सुरू आणि ओक एकाच गणात, फॅगेलीसमध्ये, मोडतात. पण सुरूच्या बनात उभं राहून कुणाला ओक आठवत नाही, कारण त्याच्या मराठी नावात ओक नाही.

खरा ओक कसा ओळखायचा?

ओक म्हणजे फॅगेसी कुळातली क्वेर्कस ही प्रजाती. जगभरात तिच्या चारशेहून अधिक जाती आहेत. पानांवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण पानं जातीनुसार फार बदलतात. खात्रीची खूण म्हणजे फळ. एका बीचं गुळगुळीत, लांबट फळ, बुडाशी खवल्याखवल्यांच्या वाटीत बसवलेलं. त्याला एकॉर्न म्हणतात. 'आइस एज' सिनेमातली खार ज्याच्या मागे जन्मभर धावते, तेच ते.

दुसरी खूण फुलांची. ओकची नरफुलं बारीक, हिरवट-पिवळी, लोंबणाऱ्या दोऱ्यांवर येतात. रंग नाही, मध नाही. परागकण वारा नेतो, त्यामुळे पक्ष्याला किंवा मधमाशीला बोलवायची गरजच नसते. सिल्व्हर ओकचा केशरी, मधाळ तुरा शेजारी ठेवला तर दोघांचा काही संबंध नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजी कादंबऱ्यांत आणि ख्रिसमस कार्डांवर दिसणारा ओक हिवाळ्यात निष्पर्ण होतो. पण ओकच्या अनेक जाती सदाहरित आहेत. भूमध्य समुद्राभोवतीचा क्वेर्कस आयलेक्स आणि ज्यापासून बूच मिळतं तो क्वेर्कस सुबेर, या त्यांतल्या प्रसिद्ध जाती.

सदाहरित म्हणजे पानं कधीच गळत नाहीत, असा अर्थ नाही. आंब्याचं झाड वर्षभर हिरवं दिसतं, तरी त्याच्याखाली पाचोळा पडतोच. जुनी पानं जाण्याआधी किंवा जाता जाता नवी आलेली असतात, एवढंच. सदाहरित ओकचं पान साधारण वर्षभर टिकतं, आयलेक्सचं दोन-तीन वर्षंही. इतके दिवस टिकायचं तर पान दणकट हवं. म्हणून ते जाड, चामड्यासारखं, वरून मेणचट असतं. भूमध्य प्रदेशातला कोरडा उन्हाळा काढण्यासाठी पानाखाली दाट लव असते, त्यामुळे पाणी कमी उडून जातं. रोपटं लहान असताना पानांच्या कडांना काटे असतात. झाड शेळ्यांच्या तोंडापेक्षा उंच गेलं की वरच्या पानांचे काटे बरेचसे नाहीसे होतात.

महाराष्ट्रात ओक का नाही?

भारतात ओक भरपूर आहेत, पण ते हिमालयात आणि ईशान्येकडे. दख्खनच्या पठारावर किंवा सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या वाढणारा एकही ओक नाही. थंड हवेच्या नीलगिरीतही नाही.

आपल्याला सर्वांत सहज दिसू शकेल असा देशी सदाहरित ओक म्हणजे उत्तराखंडातला बांज. मसुरी, नैनिताल किंवा चारधामला गेलेल्या मराठी पर्यटकांनी तो पाहिलेला असतो. साधारण दीड ते अडीच हजार मीटर उंचीवर तो वाढतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो तिथे बांज सुरू होतो. त्याचं पानही वरून हिरवं, खालून पांढुरकं रुपेरी. शास्त्रीय नाव क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा, अर्थ 'पांढरी लव असलेला'. जुनी पानं तो वसंतात टाकतो आणि त्याच सुमारास नवी येतात. 'सिल्व्हर ओक' हे नाव खरं तर यालाच शोभलं असतं.

धोबी तलावला विकत मिळणारा ओक

आता मुंबईत येऊ. मेट्रो सिनेमाजवळ, धोबी तलावला क्रीडासाहित्याची दुकानं आहेत. तिथे लेदरचा सीझन बॉल घेतला आणि तो मधोमध कापला, तर लाल कातड्याच्या आत घट्ट गुंडाळलेला दोरा लागतो आणि दोऱ्याच्या आत गाभा. हा गाभा कॉर्कचा असतो. नियमानुसार पुरुषांच्या सामन्यातला नवा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा हवा. एवढ्या वजनात बॉलला उसळी आणि टणकपणा दोन्ही द्यायचं काम कॉर्क करतं. बॅडमिंटनचं चांगलं शटल घ्या, १६ पिसं ज्यात खोवलेली असतात ते बुडही कॉर्कचंच.

आणि कॉर्क म्हणजे क्वेर्कस सुबेर या सदाहरित ओकची साल. रमाकांत आचरेकरांच्या शिवाजी पार्कातल्या नेटमध्ये जी मुलं घडली, ती दिवसभर एका ओकलाच फटकावत होती म्हणायचं.

हा ओक पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया या पश्चिम भूमध्य भागातला. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकटा पोर्तुगाल पुरवतो. तिथे हे झाड कायद्याने संरक्षित आहे आणि २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्षाचा दर्जा मिळाला. कारण हे झाड तोडून नाही, सोलून उत्पन्न देतं.

बहुतेक झाडांची साल गोलाकार काढून टाकली तर झाड मरतं. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या नळ्या सालीच्या आतल्या थरात असतात, त्या तुटतात. कॉर्क ओकमध्ये या नळ्यांच्या बाहेर बुचाचा जाड, मृत थर असतो आणि तो तयार करणाऱ्या पेशींचा पातळ पडदा त्याला लागूनच असतो. उन्हाळ्यात हा पडदा जोरात वाढत असतो, त्यावेळी तो थर सहज सुटतो. म्हणून सोलणी साधारण मे ते ऑगस्टदरम्यान होते. कुऱ्हाडीचा घाव बुचापुरताच घालायचा, आत जाऊ द्यायचा नाही. घाव खोल गेला तर जखम राहते आणि तिथलं बूच पुढे नीट येत नाही. यंत्रं आली असली तरी हे काम आजही बऱ्याच अंशी सवयीच्या हातांचं आहे आणि शेतीतल्या चांगल्या मजुरीच्या कामांत मोजलं जातं.

सोललेलं खोड लालसर-केशरी दिसतं. त्यावर रंगाने एक आकडा लिहितात, सोलणीच्या वर्षाचा शेवटचा अंक. कारण पुढची सोलणी किमान नऊ वर्षांनीच करायची.

हिशेब केला तर या झाडाचा संयम कळतो. पहिली सोलणी झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर. ती साल खडबडीत, भुगा करण्याच्या लायकीची. दुसरी ३४ व्या वर्षी, तीही तशीच. बाटलीचं उत्तम बूच व्हावं अशी साल मिळते ती तिसऱ्या सोलणीत, म्हणजे झाड त्रेचाळिशीत आल्यावर. आज लावलेल्या रोपाचा खरा फायदा लावणाऱ्याच्या मुलांना. पुढे हे झाड दीड-दोनशे वर्षं जगू शकतं.

साल इतकी हलकी आणि लवचीक का? उत्तर १६६५ मध्येच दिसलं होतं. रॉबर्ट हूकने कॉर्कची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्याला मधाच्या पोळ्यासारख्या बारीक खोल्या दिसल्या. त्याने त्यांना 'सेल' म्हटलं. शाळेत शिकलेली 'पेशी' ती हीच, आणि ती पहिल्यांदा दिसली एका सदाहरित ओकच्या सालीत. हूकला दिसल्या त्या पेशी मेलेल्या होत्या, आत फक्त हवा. भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. दाबलं की हवा आकसते, सोडलं की पूर्ववत. शिवाय कॉर्क एका बाजूने दाबलं तर रबरासारखं दुसऱ्या बाजूने फुगत नाही. म्हणून ते बाटलीच्या तोंडात सरळ आत जातं.

मराठीत आपण याला बूच म्हणतो, आणि इथे नावांची आणखी एक गफलत आहे. मुंबई-पुण्यात पावसाळा सरताना रस्त्याकडेला लांब दांड्याच्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचा सडा पडतो. ते बुचाचं झाड, ज्याला गगनजाईही म्हणतात. पण बाटलीचं खरं बूच त्याचं नाही. त्याची साल भेगाळ आणि बुचासारखी असते आणि हलक्या प्रतीचं बूच म्हणून ती वापरली गेली, त्यावरून नाव पडलं.

आणि बाळगुटीत?

गिरगाव, दादर, लालबाग, कुठल्याही जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीचं सामान मागा. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध यांच्यासोबत पुडीत एक गोल, टणक, करड्या रंगाची गोळी येते. तिच्यावर बारीक टेंगळं असतात. हे मायफळ. 'पोट बिघडलं असेल तर मायफळाचा एखादा वेढा जास्त दे', असं आजी सांगते तेच.

नावात फळ आहे, पण हे फळ नाही. क्वेर्कस इन्फेक्टोरिया नावाच्या, तुर्कस्तान-सीरिया-इराणकडच्या झुडुपवजा ओकवर ही गाठ येते. हा ओक निमसदाहरित, म्हणजे थंडीत काही पानं ठेवतो, काही टाकतो. गांधीलमाशीच्या जातकुळीतला एक चिमुकला कीटक त्याच्या कोवळ्या कळीत अंडं घालतो. अळी वाढू लागली की झाड तिच्याभोवती पेशींची भिंत उभारत जातं. ती भिंत म्हणजे मायफळ. अळीला घरही मिळतं आणि जेवणही. (बाळगुटीतली काकडशिंगीसुद्धा अशीच कीटकामुळे झालेली गाठ आहे, मात्र दुसऱ्या झाडावरची.)

या गाठीत टॅनिन प्रचंड असतं, वजनाच्या निम्म्याहून अधिक. तुरट चव त्याचीच. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवतं, म्हणून पातळ शी घट्ट करायला मायफळ वापरलं गेलं. हेच टॅनिन लोहाच्या क्षाराबरोबर काळं होतं. युरोपात शेकडो वर्षं कागदपत्रं लिहिली गेली ती याच शाईने.

आता मुद्दा बाळाचा. सहाणेवरच्या वेढ्यांत नेमकं किती टॅनिन बाळाच्या पोटात जातं, हे कुणी मोजत नाही. सहाण, पाणी आणि महिनोन्‌महिने वापरलेली तीच गोळी किती स्वच्छ आहे, हाही प्रश्न असतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. गुटी मधात देण्याची पद्धत तर टाळायलाच हवी, कारण एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तान्ह्या बाळाला जुलाब होत असतील तर मायफळ उगाळत बसण्याआधी डॉक्टर गाठावा.

मोठ्यांसाठी मायफळ घ्यायचंच असेल, तर गोळी नीट फिरवून बघावी. तिच्यावर एखादं बारीक गोल भोक असेल, तर आतला कीटक मोठा होऊन केव्हाच उडून गेलेला असतो. अशी गाठ फिकट, हलकी आणि टॅनिनने कमी समजली जाते. भोक नसलेली, गडद आणि हाताला जड लागणारी गोळी म्हणजे कीटक बाहेर पडण्याआधी तोडलेली. व्यापारात भाव तिलाच जास्त.